तीन नंबरचा पट्टा

नागपूर रस्त्यावरच्या बाभळींना पुन्हा कापूस लागला आहे. सेलूकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या ताडपत्रीखालून पुंजके सुटतात, उडतात आणि पहिल्या काट्याला अडकून बसतात. दिवाळी झाली की आमच्याकडे हे दिसायला लागतं. मग फेब्रुवारीपर्यंत सगळ्यावर एक पांढरी लव असते. सायकलच्या सीटवर, वाळत घातलेल्या मिरच्यांवर, झाकण राहिलं तर वरणाच्या गंजातसुद्धा. बाहेरगावचे पाहुणे म्हणतात, किती सुंदर दिसतं हो. मी म्हणते, जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, जाऊन एक पाळी श्वास घेऊन दाखवा, मग बोला.

कापसापाठोपाठ जिन सुरू होते. आधी पट्टा कुरकुरतो, मग पंखा घुमायला लागतो, आणि मग एकेक करत सगळी यंत्रं, आमच्याकडचे रेचे, दात खायला लागतात. सरकी एका बाजूला, रुई दुसऱ्या बाजूला. गावाला या आवाजाची इतकी सवय आहे की तो सुरू झाल्याचं कुणाला कळत नाही, बंद झाला तरच कळतं. मला मात्र कळतं. हातातलं काम थांबतं. सहा हंगामांपूर्वी याच आवाजानं आमचा संप मोडला. मालकाला बोटही उचलावं लागलं नाही. आणि तो आवाज वाजवणारा माझा सख्खा मावसभाऊ होता.

मी पत्रकांवर वाढले. घराच्या पुढच्या खोलीत बाबांचा पायानं चालवायचा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर बाबा. मोर्चाची, सभेची, निषेधाची, विहारातल्या कार्यक्रमाची. मला अक्षरओळख झाली ती ‘समस्त बंधुभगिनींनो’ या मथळ्यावर. छपाईच्या खिळ्यांच्या पेटीत उद्गारचिन्हांचा खण सगळ्यात आधी रिकामा व्हायचा. चुकलेल्या गुलाबी, पिवळ्या कागदांत आई डबा बांधून द्यायची, आणि मधल्या सुट्टीत पोळी खाता खाता मी ‘जाहीर निषेध’ वाचायचे. ‘अन्याय’ हा शब्द मला आधी उलटा वाचता आला, खिळ्यांवरचा, आणि मग कागदावरचा सुलटा.

मिलिंददादा लीलामावशीचा मुलगा, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मी तिसरी-चौथीत असताना तो रेडिओ दुरुस्त करायचा. मग त्यानं एक जुना कीबोर्ड आणला, मग काठीनं वाजवायचा पॅड, आणि तीन मित्र मिळून धुमाल पार्टी काढली. मेटाडोरवर छतापर्यंत स्पीकर रचायचे, मध्ये जनरेटर, त्याच्यापुढे कीबोर्ड आणि पॅड घेऊन वाजवणारे, आणि मेटाडोरच्या मागे नाचणारं गाव. याला आमच्याकडे धुमाल म्हणतात. बाकीच्या पार्ट्या सिनेमातले ठेके वाजवायच्या. मिलिंददादाचा स्वतःचा ठेका होता. वर्ध्याला सामान आणायला गेला की तो फलाटावर बसून मालगाडी जाताना ऐकायचा. रुळांच्या सांध्यावरून चाकं जातात तेव्हाचे दोन ठोके, मध्ये एक अर्धा राहून गेलेला, आणि सांधे बदलताना येणारी ती अडखळ. ती अडखळ त्यानं ठेक्यात ठेवली. त्या अडखळीवर पाय आपोआप उचलला जायचा.

“मालगाडी टाक बे, मिलिंद!”

“मिलिंदभाऊ, मालगाडी! पोट्टे आयकून नाई राह्यले!”

जयंतीच्या मिरवणुकीत मालगाडी सुरू झाली की घराघरांतून बाया पदर खोचत बाहेर यायच्या. लीलामावशी सगळ्यांच्या पुढे, दोन्ही हात वर, तळवे उघडे. हंगामभर जिनमध्ये वाकलेली ती पाठ तेवढा एक दिवस सरळ दिसायची. मी तेरा-चौदा वर्षांची असेन. मला वाटायचं, क्रांती झाली तर तिचा आवाज असाच असेल. हसू नका, मला खरंच वाटायचं.

मिलिंददादा बदलला तो जिनवाल्या सेठच्या मुलाच्या लग्नात. भर उन्हाळ्यातली वरात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो छापखान्यात आला आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसून राहिला.

“सुजे, काल बाया लय नाचल्या.”

“मंग चांगलंच हाय ना.”

“सेठच्या दारात. माही माय पन. जयंतीले नाचते तशीच. हात बी तसेच वर.”

“ठेक्याचा काय दोष त्याच्यात, दादा?”

त्यानं गठ्ठ्यातला एक कागद ओढून त्याची घडी घातली. मग म्हणाला, “मालगाडीत काय भरलं हाय, ते मालगाडी पाह्यत नाई.”

तेव्हापासून तो वाजवता वाजवता मध्येच हात काढून घ्यायला लागला. ठेका बंद, आणि एकच सूर दाबून धरलेला, मिनिट, दोन मिनिटं. नाचणारे एका पायावर उभे. कधी माइक स्पीकरसमोर नेऊन धरायचा आणि ‘कुईं’ करून जी शिटी उठते ती वाढू द्यायचा. एका वरातीत नवरदेवाचा काका धावत आला. “काऊन बे, मशीन बिघडली काय?”

“नाई काका,” दादा शांतपणे म्हणाला, “आता सुधरली.”

गाव म्हणायचं, मिलिंदले कोनी काई करून ठेवलं. त्याच्या मित्रांनी हळूहळू पार्टी सोडली. त्यानं खेळण्यातल्या बाहुलीचं पोट फाडून त्यातला बोलणारा तुकडा काढला होता, ओल्या बोटानं त्याच्या तारा जोडायचा आणि ती बाहुली रडल्यासारखी, भुंकल्यासारखी, काही न झाल्यासारखी ओरडायची. अर्थिंग नीट नसलं की स्पीकरमधून जी घरघर येते, ती लोक घालवतात. तो ती वाढवायचा.

“याच्यावर कोन नाचीन?” मी चिडून विचारलं होतं.

“कोनीच नाई. लोक नाचतात ना सुजे, तवा ते आयकत नाईत.”

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. दिवसभर राबलेल्या बाईला नाचायचं असेल तर तिला ऐकण्याचे धडे देणारे आपण कोण? पण तेव्हा मी एवढं म्हटलं नाही. मला वाटलं, खूळ आहे, जाईल.

त्या हंगामात तो जिनच्या मागच्या भिंतीवर बसलेला दिसायचा. रुई आत जाऊ नये म्हणून टेप रेकॉर्डर गमछ्यात गुंडाळलेला, बटणापुरती फट ठेवलेली. लीलामावशी पाळी संपवून बाहेर आली की तो तिला तो आवाज ऐकवायचा, आणि मावशी रुईनं पांढऱ्या झालेल्या भुवया उचलून सांगायची, “हा पयला. हा दुसरा. हा तिसरा, लंगडा. पट्टा तुटला तं तारेनं शिवला ना मुकडदमानं, म्हनून फट् फट् करते.” दादाला तो लंगडा रेचा फार आवडला होता. त्याच्यातही एक अडखळ होती.

जानेवारीत चार बायांना कामावरून काढलं. बायांची मागणी एवढीच होती की जेवायला धुळीबाहेर बसू द्या आणि आडोशासाठी चार पत्रे उभे करा. चौघींनी ती मोठ्यानं बोलून दाखवली. त्या चौघींत लीलामावशी होती. बाकीच्या बायांनी काम थांबवलं. जिन बंद पडली आणि सेलूत दोन दिवस इतकं शांत होतं की लोक घराबाहेर येऊन एकमेकांना विचारत होते, काय झालं म्हणून.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. पत्रक मी लिहिलं. चौघींना परत घ्या, एवढं एकच कलम. पण आमच्याकडे पत्रकानं माणूस उंबऱ्याबाहेर येत नाही, धुमालनं येतो. गेटवर गाव जमलं तर सेठ बोलणी करेल, नुसत्या बाया बसल्या तर करणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. बायांनीच सांगितलं, मिलिंदले मालगाडी वाजवाले सांग. मी त्याच्याकडे गेले.

“येतो,” तो म्हणाला. “गावाले आयकवतो.”

मी पहिला शब्द ऐकला. दुसऱ्या वाक्याकडे माझं लक्ष नव्हतं. पत्रकावर मी मोठ्या टाइपात टाकलं: ‘मिलिंद धुमालची मालगाडी!’

बाजाराचा दिवस होता, दुपारचे बारा. तीसेक बाया गेटासमोर बसलेल्या. माझ्या हातात बॅटरीवरचा भोंगा, विहारातून मागून आणलेला. मुकडदम सकाळीच येऊन धमकी देऊन गेला होता की वडनेरहून ट्रकभर बाया आणतो, मागच्या गेटानं आत घेतो, मग बसा इथंच ऊन खात. बाया हसल्या होत्या, पण ते वाक्य त्यांच्यात बसून राहिलं होतं. रस्त्यावर बाजारातली माणसं थांबायला लागली. पानठेल्यावरचे, शाळेतून सुटलेले, भाजीची पिशवी घेतलेले. सगळे मालगाडीची वाट पाहत होते. मेटाडोर भिंतीच्या वळणापलीकडे, लिंबाच्या सावलीत उभी होती. बायांना ती दिसत नव्हती.

आणि पट्टा कुरकुरला. पंखा घुमला. एकेक करत रेचे लागले.

मला आधी काहीच कळलं नाही. मग पुढच्या रांगेतली शांताबाई उठली. डोक्याला फडकं बांधत, कुणाकडे न पाहता. तिच्यामागे आणखी दोघी. “आनल्या वं! वडनेरच्या आनल्या!” कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळ्याच उठल्या. ज्या आवाजावर त्या बारा-बारा, पंधरा-पंधरा वर्षं उठत आल्या होत्या, त्याच आवाजावर उठल्या. आपली जागा दुसरीच्या हाती जाऊ नये म्हणून चपला हातात घेऊन पळाल्या. मुनीमनं गेटातलं लहान दार उघडलं. तोही गोंधळला होता, पण दार त्यानं उघडलं. एक मिनिट गेलं असेल, नाहीतर दोन. गेटासमोर चौघी उरल्या, आणि मी.

आतलं मला शांताबाईनं नंतर सांगितलं. आत गेल्या तर सगळे रेचे थंड. कुणी वडनेरचं नाही, कुणीच नाही. त्या आपापल्या बंद यंत्रापुढे उभ्या, आणि भिंतीपलीकडून त्यांचीच जिन चालल्याचा आवाज येतो आहे. “लय शरम आली, बाई,” ती म्हणाली. “एकमेकीकडं पाह्यवेना. बाहीर निंगाचं तं पयले कोन निंगन? तेवढ्यात मुकडदमानं नावं घेतली, अन् लाईट सुरू केली.”

मग खरी जिन सुरू झाली. काही क्षण दोन्ही आवाज एकावर एक होते. मग दादानं त्याचा बंद केला. रस्त्यावरची माणसं केव्हाच निघून गेली होती. “काऊन बाप्पा, मालगाडी नाई तं काईच नाई,” असं म्हणत.

चौघींना परत घेतलं नाही. लीलामावशी पुन्हा कधी जिनमध्ये गेली नाही. दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची.

त्या दिवशी मिलिंददादाकडे जाऊन मी त्याला काही विचारलं का? नाही. मी छापखान्यात गेले आणि पत्रक लिहायला बसले. माझ्यासारख्या मुलीला दुखलं की ती भांडत नाही, रडत नाही, मजकूर लिहिते. मी लिहिलं की कलेच्या नावाखाली कष्टकरी बायांचा विश्वासघात झाला. लिहिलं की त्या कर्कश आवाजात कुणाचाही शब्द कुणाला ऐकू जाणं अशक्य होतं. आणि शेवटी, मोठ्या काळ्या टाइपात: ‘मिलिंद याने मालकाशी संगनमत केले, असा आमचा जाहीर आरोप आहे!’

याला पुरावा नव्हता. मला ते लिहितानाही माहीत होतं. पण पत्रकाला शत्रू लागतो, आणि सेठनं तर त्या दिवशी काहीच केलं नव्हतं.

बाबांनी मजकूर वाचला आणि चष्मा काढला. “सुजे, घरच्या मानसाचं नाव पत्रकात टाकाचं नसते. घरी बोलाचं असते.”

“आणि त्यानं आम्हाला तोंडघशी पाडलं, ते?”

“मी नाई जुळवनार.”

मग मीच खिळे जुळवले. बाबा ओट्यावर पाठ करून बसले होते. दोनशे प्रती, गुलाबी कागद. पुढच्या बाजारी मी स्वतः वाटल्या.

लीलामावशीला वाचता येत नव्हतं. ती एक पत्रक घेऊन बाबांकडे आली, वाचून दाखवा म्हणाली. बाबांनी बोट फिरवत वाचलं, शेवटची ओळ सोडून. मावशी म्हणाली, “भाऊजी, खाली आनखी एक हाय ना? तुमचं बोट थांबलं तिथं.” मावशीनं ते पत्रक चौघडी करून कमरेला खोचलं. माझ्याकडे तिनं पाहिलं, पण ती काही म्हणाली नाही. मला वाटलं, मुलानं दगा दिला म्हणून तिला बोलवत नसेल.

दादानं स्पीकर विकले, मेटाडोर सोडली आणि मावशीला घेऊन हिंगणीला राहायला गेला, धरणाकडच्या एका पंपावर कामाला. त्यानं पुन्हा कधी कुणाच्या वरातीत वाजवलं नाही. तीन हंगामांनी मावशी वारली. मी गेले होते. विहारात आम्ही एकाच सतरंजीवर बसलो आणि एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही.

मागच्या वर्षी एका शिबिरासाठी पुण्याला गेले होते. तिथं एका हॉलबाहेर कुणीतरी हातात कागद दिला. जाड, गुळगुळीत, एका रंगाचा, उद्गारचिन्ह एकही नाही. त्यावर मिलिंददादाचं नाव होतं, आणि खाली ‘ध्वनिप्रयोग’. मी आत जाऊन शेवटच्या रांगेत बसले. चाळीसेक माणसं खुर्च्यांवर डोळे मिटून. अंधूक दिव्यात दादा एका टेबलामागे वाकलेला. आधी घरघर. मग बाहुली. मग पट्टा कुरकुरला. पंखा, रेचे, आणि त्या सगळ्याखाली चपलांचा, अनवाणी पायांचा पळण्याचा आवाज. तो दिवस. त्यानं तो दिवससुद्धा टेप केला होता. आणि मग लीलामावशी: “थांबा वं! थांबा!” पुन्हा “थांबा वं!” पुन्हा. तेवढाच तुकडा तो फिरवत होता, लांबवत होता, मावशीच्या आवाजाची शिटी होईपर्यंत.

मी उठून बाहेर आले. शेजारच्या माणसानं डोळे न उघडता पाय आवरून मला वाट दिली.

यंदा कापूस फुटल्यावर हिंगणीला गेले. वर्षभर भांडण तयार करत होते. दुपारची वेळ होती. तो पंपघराच्या पायरीवर बसून वायर सोलत होता, केस कानाजवळ पांढरे झालेले.

“जयभीम,” तो म्हणाला. “चहा मांडू काय?”

“मावशीचा आवाज वाजवतोस तू तिकडं.”

“माह्या मायचा आवाज हाय. मी नाई वाजवाचा तं कोन वाजवीन?”

“डोळे मिटून बसतात ते लोक! त्यांना काय कळतं जिन, काय कळतं ती का ओरडली?”

“काईच नाई कळत. म्हनून तं आयकतात.”

“आणि आम्हाला? आम्हाला का नाही सांगितलंस त्या दिवशी? मालगाडी सांगून तू…”

“तू मालगाडी छापलीस. मी म्हनलो नव्हतो.” मग वायर खाली ठेवत तो म्हणाला, “मले गावाले आयकवाचं होतं, बाया काय आयकतात ते. बाया पळतीन हे माह्या ध्यानातच नाई आलं. मायच्या पोटचा असून नाई आलं. ते चुकलंच. पन सुजे, तू मले इचारलं नाई. छापलंस.”

तो आत गेला आणि तोच जुना रेकॉर्डर घेऊन आला, गमछ्यात गुंडाळलेला.

“पुरं आयक. त्या दिवशी दुसरा एक रेकॉर्डर गेटाजोळ भिंतीवर ठेवला होता.”

पट्टा. पंखा. रेचे, आणि त्यात तो लंगडा, फट्, फट्. पाय. मावशी: “थांबा वं! थांबा! हा जुना आवाज हाय! तीन नंबरचा पट्टा नवा लावला ना आता, हा फट् फट् कुठला? थांबा!” तिला कळलं होतं. सगळ्यांमध्ये तिला एकटीला कळलं होतं. आणि मग तिचा आवाज वळला, जवळ आला, अगदी स्पष्ट:

“सुजे! भोंगा हाय ना तुह्याजोळ? सांग ना त्याईले! सुजे! बोल वं!”

त्यानंतर एक ‘खट्’. भोंग्याची कळ दाबल्याचा. मग नुसती बॅटरीची सर्रर, आणि त्यात कुणाचा तरी श्वास. बराच वेळ. पाय लांब जात राहिले. गेटाचं दार लागलं. कळ सुटली.

मला ते आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. मला आठवतो तो मोठा आवाज, आणि त्यात कुणाचं काही ऐकू येणं अशक्य होतं हे. मीच तसं छापलं होतं. मलाही तेव्हा वाटलं असणार की वडनेरच्या बाया आल्या. आणि हातातल्या पत्रकात त्या क्षणी भोंग्यात बोलायला एकही ओळ नव्हती.

“हे पुण्यात नव्हतं,” मी म्हटलं.

“एवढं कापतो.”

“काऊन?”

“तुहं नाव हाय त्याच्यात.”

पंपाचं पाणी पाटात पडत होतं. माझं भांडण मी पिशवीत घालून आणलं होतं, ते तिथंच राहिलं. तरी सांगते, त्याला मी माफ केलेलं नाही. डोळे मिटून बसणाऱ्यांना त्यानं मावशी दिली आणि आम्हाला मालगाडीसुद्धा ठेवली नाही. जयंतीत आता भाड्याची पार्टी येते, बाया दारातूनच पाहतात. हे माझं म्हणणं आहे आणि राहील.

पण निघताना मी म्हटलं, “ते कापू नको. राहू दे माझं नाव.”

तो पहिल्यांदा हसला, छापखान्यातल्या कागदांवर बसून हसायचा तसा. “मंग ते पत्रक होईन वं, सुजे.”

“होऊ दे.”

त्यानं कॅसेट काढली, डबीत घातली, डबी गमछ्यात. मला दिली नाही. तो तुकडा त्यानं अजून जोडलेला नाही, आणि जोडणारही नाही, हे मला परतीच्या एसटीत बसतानाच कळलं होतं. खिडकीतून रुई आत येत होती. जिनजवळ बाया पाळीला चालल्या होत्या, फडकी बांधत.

म्हणून मी लिहिते आहे, जुन्याच टाइपात. मिलिंदनं मालकाशी संगनमत केलं नव्हतं. भोंगा माझ्या हातात होता.